दोन पॉइंट चार

माझी धाकटी बहीण ऐली
डुलुथच्या इस्पितळात पहाटे चारला लोकांचं रक्त काढते.
मी त्याच सुमारास बर्फ ढकलायचा ट्रक घेऊन
सरोवराच्या काठाने जातो,
तिसऱ्या मजल्यावरचा दिवा बघतो.
हॉर्न वाजवत नाही.

दोन पॉइंट चार.
हा आकडा आमच्या घरात कुणी मोठ्याने घेत नसे,
जसं काही घरांत पळून गेलेल्या काकाचं नाव.
ऑरगॅनिक केमिस्ट्रीत आधी डी, मग सी वजा,
आणि दुसऱ्या वर्षाचं अख्खं उत्तरार्ध
गुणपत्रिकेवर नुसतं
सोडला, सोडला, सोडला.

सल्लागार बाई गोड आवाजात म्हणाल्या,
अंथरूण पाहून पाय पसरावेत, ऐली.
ती म्हणाली,
पाय केव्हाचे बाहेर आहेत, बाई.
गारठलेत.

मग रात्रीचं कॉलेज. एकोणीस वर्षांच्या पोरांत
बत्तीस वर्षांची बाई, डब्यात उकडलेले बटाटे,
युनिफॉर्मच्या बाहीवर कुणाच्या तरी रक्ताचा ठिपका.
पहिला ए आला तेव्हा तिने मला फोन केला नाही.
सहावा आला तेव्हाही नाही.
सरासरी फार हट्टी असते.
चार वर्षं नवे आकडे ओतले
तेव्हा ती हलली पॉइंट तीनने.
मला हे ठाऊक आहे: रात्रभर ढकला,
उजाडता रस्ता दिसतो हातभर,
आणि मागून परत भुरभुरायला लागलेलं असतं.

पहिल्या वर्षी बावीस अर्ज.
दुसऱ्या वर्षी चौदा.
तिसऱ्या वर्षी नऊ, कारण अर्जालाही फी असते.
मी माझी स्नोमोबाइल विकली.
तिला सांगितलं, गुडघा दुखतो.
तिने गुडघा दाबून पाहिला, काही बोलली नाही.

मुलाखत एकच आली.
तिथल्या डॉक्टरांनी कागद उलटा केला, बोट ठेवलं:
इथे काय झालं?

आता, काय झालं ते मला माहीत आहे.
आम्ही वडिलांना इसा म्हणायचो.
इसाच्या फुप्फुसात खाणीची धूळ होती,
आणि मी तेव्हा डकोटात तेलावर कामाला.
दर मंगळवारी, दर शुक्रवारी
तीच त्याला गाडीत घालून न्यायची,
सिलिंडर मागच्या सीटवर, पट्टा लावून, मुलासारखा.
बाहेर वाट बघताना पुस्तक उघडायची
आणि स्टिअरिंगवर झोपायची.

हे सांगायला हवं होतं ना?
पाठ करून गेली होती.
आरशासमोर म्हणताना मी ऐकलं होतं.
पण तिथे म्हणाली,
माझा अभ्यास झाला नाही. मी थकले होते
आणि मदत मागितली नाही. आता मागते.

मी स्वयंपाकघरात टेबलावर मूठ आपटली.
ती म्हणाली, इसाला कारण म्हणून वापरायचं नव्हतं मला.
आणि मग, हळूच: तू तरी कुठे होतास.
बरेच दिवस आम्ही हवामानाबद्दलच बोलत होतो.

प्रतीक्षायादी. एप्रिल, मे, जून.
जुलैच्या शेवटी फोन थरथरला
तेव्हा ती एका म्हाताऱ्याच्या दंडाला रबर बांधत होती.
तिने आधी नळ्या भरल्या, तीनही,
कापूस ठेवला, पट्टी लावली,
पाच मिनिटं दाबून धरा म्हणाली,
मगच जिन्यात गेली.

मला दोन दिवसांनी कळलं.
मी मासे साफ करत होतो, ती समोर बसली,
माझा खवल्यांनी भरलेला हात ओढून घेतला
आणि कोपराच्या खळीत अंगठा फिरवू लागली,
डोळे खिडकीबाहेर.
शीर बघून सापडत नाही, म्हणते नेहमी,
जी निळी दिसते ती बहुतेक फसवते.
बोटाखाली काहीतरी परत वर येतं,
तिथे थांबायचं.

थांबली.
तुझी पळते, म्हणाली.
पण आहे.